लेबल सारखं, किंमत तिप्पट: गेमिंग मॉनिटरमध्ये नेमका फरक कुठे?

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात दोन खोकी शेजारी ठेवून वाचा. एकावर छापलेलं असतं: २७ इंच, १४४०पी, १८० हर्ट्झ, १ एमएस, एचडीआर. दुसऱ्यावर २७ इंच, १४४०पी, २४० हर्ट्झ, ०.०३ एमएस, एचडीआर. पहिला साधारण पंधरा-वीस हजारांत येतो, दुसरा साठीच्या पुढे. मधले चाळीस हजार कशाचे, हे खोक्यावरून कळत नाही, कारण दोन्हीकडे शब्द तेच आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचे अर्थ वेगळे आहेत.

हर्ट्झबाबत (रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) स्वस्त मॉनिटर आता लबाडी करत नाहीत. ६० हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, पडद्यावर १६.७ मिलिसेकंद टिकते, १८० ला ५.६ आणि २४० ला ४.२. म्हणजे पहिली उडी अकरा मिलिसेकंदांची, पुढची दीडचीही नाही. ६० वरून १८० वर आलेल्याला माउस हलवताक्षणी फरक कळतो. १८० वरून २४० वर गेलेल्याला तो बहुतेक वेळा कुणीतरी सांगावा लागतो. नुसत्या हर्ट्झसाठी जास्तीचे चाळीस हजार मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी गोम त्या 'एमएस'मध्ये, म्हणजे मिलिसेकंदांत आहे. तो मोजायच्या दोन पद्धती आहेत. जीटीजी म्हणजे पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ. एमपीआरटी म्हणजे हलणारं चित्र डोळ्याला किती वेळ पुसट दिसतं, त्याचं माप. स्वस्त मॉनिटरवरचा १ एमएस पुष्कळदा एमपीआरटी असतो आणि तो मिळवायला बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) फ्रेमागणिक विझवून पेटवावा लागतो. त्यात उजेड बराच कमी होतो, आणि बहुतेक मॉडेलमध्ये ही सोय चालू केली की फ्रेमशी जुळवून घेणारा रिफ्रेश रेट बंद पडतो. जिथे आकडा जीटीजीचा असतो, तिथेही तो ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोर देऊन लवकर बदलायला लावणारी सोय) शेवटच्या टोकाला नेऊन मिळवलेला असू शकतो. मग हलत्या वस्तूमागे उलट्या रंगाची कड दिसू लागते. मेनूत ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवला की हा त्रास जातो, आणि त्याबरोबर तो १ एमएसही!

स्वस्त मॉनिटरचं पॅनेल, म्हणजे मूळ पडदा, बहुधा आयपीएस किंवा व्हीए प्रकारचा असतो. व्हीए पॅनेल असेल तर आणखी एक गंमत. त्याचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) ३०००:१ च्या आसपास, म्हणजे आयपीएसच्या साधारण तिप्पट, त्यामुळे दुकानात तो उठून दिसतो. पण काळ्यातून गडद करड्यात जाताना त्याचे पिक्सेल रेंगाळतात. रात्रीच्या प्रसंगांत कॅमेरा फिरवला की सावल्या शाई ओघळल्यासारख्या पसरतात. दुसऱ्या, महाग खोक्यात असतं ते ओएलईडी पॅनेल. त्यात हे होत नाही. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो आणि विझतो, त्यामुळे ०.०३ हा आकडा थोडा फुगवलेला धरला तरी पिक्सेलच्या संथपणाचा प्रश्न संपतो. फ्रेम टिकून राहिल्याने येणारा पुसटपणा मात्र त्यालाही चुकत नाही. तो मुख्यतः हर्ट्झ वाढवूनच कमी होतो.

एचडीआर, म्हणजे एकाच चित्रात लख्ख उजेड आणि गडद अंधार दाखवण्याची सोय. हा शब्द तर दोन्ही खोक्यांवर सारखा असूच नये. स्वस्त मॉनिटरवर त्याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच, की एचडीआर सिग्नल आला तर पडदा तो स्वीकारतो. व्हेसा या संस्थेचा डिस्प्लेएचडीआर ४०० हा शिक्का असला तरी त्यासाठी बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची सोय लागत नाही. संपूर्ण बॅकलाइट एकदम वाढला की गुहेतली मशाल उजळते आणि तिच्यासोबत गुहेतला अंधारही राखाडी होतो. असा एचडीआर विंडोजमध्ये बंद ठेवलेलाच बरा. बॅकलाइट शेकडो भागांत वेगवेगळा मंद करणारा मिनी-एलईडी किंवा ओएलईडी घेतला, तर मशाल पेटते आणि शेजारचा दगड काळाच राहतो. वरचे पैसे कुठे गेले ते इथे डोळ्यांनी दिसतं.

पण आपल्याकडे हा मॉनिटर फक्त गेमसाठी कुठे असतो? हिंजवडी-खराडीतल्या आयटीवाल्यांची बरीच नोकरी घरूनही चालते. सकाळी दहापासून त्याच पडद्यावर एक्सेल, टीम्स आणि खाली न हलणारा टास्कबार. ओएलईडीला नेमकी हीच सवय बाधते, कारण एकाच जागी रोज पेटणारे पिक्सेल लवकर झिजतात आणि त्यांचा ठसा उरतो. बर्न-इन वॉरंटीत धरलेलं आहे का, हे बिल करण्याआधी विचारा. शिवाय पूर्ण पांढऱ्या पानावर अनेक ओएलईडी २५० निट्सच्या (उजेडाचं माप) आसपास थांबतात, आणि १५-२० हजारांचा आयपीएस बऱ्याचदा ३०० च्या वर जातो. बाल्कनीतून थेट ऊन येणाऱ्या फ्लॅटमध्ये क्यूडी-ओएलईडी या ओएलईडीच्याच एका प्रकाराचा प्रसिद्ध काळा रंग जांभळट करडा होतो. काही पॅनेलवर अक्षरांच्या कडांना रंगाची झालर दिसते, दिवसभर कोड वाचणाऱ्याला ती खुपते. दिवसा ऑफिस आणि रात्री दोन तास व्हॅलोरंटसारखा नेमबाजीचा गेम असं ज्यांचं आहे, त्यांनी चांगला आयपीएस घ्यावा. अंधाऱ्या खोलीत निवांत कथाप्रधान गेम खेळणाऱ्यांनी ओएलईडीसाठी पैसे साठवावेत.

गेमची चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्डही मोजायला हवं. १४४०पी हा आकडा पडद्यावरच्या पिक्सेलच्या आडव्या ओळींचा. त्यात १०८०पी च्या पावणेदोन पट पिक्सेल असतात, ४के मध्ये थेट चौपट. कार्ड मोठ्या गेममध्ये सत्तर फ्रेम देत असेल, तर २४० हर्ट्झ त्या वेळी नुसते बसून राहतात. मॉनिटर स्वस्त घेऊन उरलेले पैसे कार्डात घालणं हा हिशेब बहुतेकांना फायद्याचा पडतो. २७ इंचांवर १०८०पी मात्र घेऊ नका, इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल उरतात आणि अक्षरं खरबरीत दिसतात.

फ्रेमशी रिफ्रेश रेट जुळवायला एनव्हिडियाचं जी-सिंक की एएमडीचं फ्रीसिंक, हा वाद आता जवळपास मिटला आहे. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डं फ्रीसिंकच्या पुष्कळ मॉनिटरवरही रिफ्रेश रेट जुळवून घेतात, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. ३४ इंची अल्ट्रावाइड घ्यायचा असेल तर जुने भाव विसरा. ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

घरी आणल्यावर डिस्प्लेपोर्टची केबल लावा आणि विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. तिथे तो पुष्कळदा ६० वरच राहिलेला असतो, मॉनिटर अठरा हजारांचा असो की साठ.