महाजन अहवालामागचे न्यायमूर्ती

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ‘महाजन’ म्हटले की सीमावादावरचा १९६७ चा अहवालच आठवतो. तो लिहिणाऱ्या न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांची आधीची वाटचाल फारशी कुणी सांगत नाही. जन्म कांगड्याचा, वकिली मुख्यतः लाहोरची, १९४३ मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयात न्यायाधीश. १९४७ मध्ये पंजाबची सीमा ठरवणाऱ्या आयोगातल्या चार न्यायाधीशांपैकी ते एक. त्या चौघांत दोन-दोन अशी फूट पडली आणि रेषा अखेर अध्यक्ष रॅडक्लिफ यांनीच आखली. त्याच वर्षी ते काश्मीरचे पंतप्रधान झाले, विलीनीकरण त्यांच्याच काळातले. पुढे १९५४ मध्ये सरन्यायाधीश होऊन त्याच वर्षाअखेरीस निवृत्त झाले.

बारा वर्षांनी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, आमच्या सीमेचा प्रश्न त्यांच्याकडे आला. या वेळी आयोग एकसदस्यीय होता. मुंबईत वयोवृद्ध सेनापती बापटांनी उपोषण केले, तेव्हा कुठे केंद्र हलले होते.

महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली होती. त्यासाठी निकष मांडला होता तो खेडे हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता यांचा. आंध्र-मद्रास सीमेला हाच निकष लावला गेला होता. आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला सुचवली, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड आले. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली २४७ गावे कर्नाटकाकडे द्यायला सांगितली. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले.

सगळी जखम इथे आहे. १९५१ च्या जनगणनेत शहरात मराठी भाषक बहुसंख्य होते. तरी आयोगाने शहराला तीन बाजूंनी असलेला कन्नड मुलूख आणि जिल्ह्याचे ठाणे म्हणून चालत आलेला कारभार यांना जास्त वजन दिले. भाषेच्या आधारावर राज्ये पाडल्यावर इथेच भाषा दुय्यम का ठरावी, याचे पटेल असे उत्तर अहवालात सापडत नाही. डिसेंबर १९६७ मध्ये न्यायमूर्ती वारले, त्यामुळे त्यांना विचारायचीही सोय उरली नाही.

कर्नाटक हा अहवाल अंतिम मानते, महाराष्ट्राने तो फेटाळला. अंमल कशाचाच झाला नाही. ज्या खानापूरची शिफारस महाराष्ट्राच्या बाजूने होती, तिथला शेतकरी आजही जमिनीचा कन्नड उतारा कुणाकडून तरी वाचून घेतो. २००६ पासून बेळगावात कर्नाटक विधिमंडळाची अधिवेशने भरू लागली, २०१२ मध्ये त्यासाठी सुवर्ण विधानसौध ही इमारत उभी राहिली, २०१४ मध्ये शहराचे सरकारी नावही बदलले. १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्य स्थापना दिवस; दर वर्षी त्या दिवशी इथला मराठी माणूस काळा दिन पाळतो.

२००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा, न्यायालयाचा नव्हे, असा कर्नाटकाचा युक्तिवाद आहे.