मोरीला नाळ असते, माकडासारखीच

गोव्याहून आणि मालवणकडून घाट चढून बेळगावच्या मासळी बाजारात जी मासळी येते, तिच्यात मोरी, म्हणजे शार्क मासा, हमखास सापडते. आंबटतिखट कालवणासाठी ती मुद्दाम नेणारे आहेत, तसे वासाने नाक मुरडणारेही. तो वास अमोनियाचा. शार्क अंगात युरिया साठवतात, मेल्यावर त्याचाच अमोनिया होतो. यातली छोटी, चपट्या नाकाची मोरी म्हणजे स्कोलिओडॉन. बीएस्सीला झूलॉजी घेतलेल्या जुन्या मंडळींनी ट्रेमध्ये टाचण्या लावून फाडलेली, तीच ही.

गाभण मोरीचं पोट चिरलं की खरी गंमत दिसते. पिल्लं सुटी नसतात. प्रत्येकाच्या छातीच्या दोन परांमधून नाळ निघते आणि गर्भाशयाला चिकटलेल्या वारेपर्यंत (प्लॅसेंटापर्यंत) जाते. नाळेवर बारीक बारीक तंतू. हिचं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, खसखशीच्या दाण्याएवढं, त्यात बलक जवळपास नाहीच. म्हणजे पिल्लाने वाढायचं ते आईच्या जिवावर.

आता हिच्याशेजारी ठेवू पिग्मी मार्मोसेट. ॲमेझॉनच्या पश्चिम खोऱ्यातलं हे जगातलं सर्वांत लहान माकड, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. खानापूरच्या रस्त्याला दिसणारी आपली माकडं याच्या तीसपट तरी भरतील. झाडाची साल कुरतडायची आणि पाझरणारा डिंक चाटायचा, हा याचा मुख्य आहार. गर्भारपण साडेचार महिन्यांचं, मोरीचं पाच-सहा. मार्मोसेटला बहुधा जुळी होतात, आणि त्या जुळ्यांचं रक्त वारेतूनच एकमेकांत मिसळलेलं असतं.

या दोघांचा समान पूर्वज ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. वार त्याच्याकडून आलेली नाही. शार्कांनी आणि सस्तन प्राण्यांनी ती आपापली घडवली. मोरीची वार तर बलकाच्या पिशवीपासूनच बनते. सगळ्या शार्कांना ती नसतेही. कित्येक सरळ अंडी घालतात. वार असलेल्या एका शार्कचं वर्णन अ‍ॅरिस्टॉटलने करून ठेवलं होतं. ते खरं असल्याचं जर्मनीच्या योहानेस म्युलर यांनी दाखवलं १८४२ साली! मला तर या दोन हजार वर्षांच्या दिरंगाईचंच जास्त नवल वाटतं.

जन्मानंतर मात्र वाटा वेगळ्या. मार्मोसेटची पिल्लं १५-१५ ग्रॅमची, दोन्ही मिळून आईच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढी, म्हणून बाप आणि कळपातले इतरही त्यांना पाठीवर वागवतात. मोरीची पिल्लं १२ ते १५ सेंटिमीटरची, एका वेळी सहापासून अठरापर्यंत. नाळ तुटली की त्याच घटकेपासून शिकार ज्याची त्याने करायची.