सुतार कोणता आणि हुदहुद कोणता : सोलापूरच्या खोडावरच्या पक्ष्यांची पार्श्वभूमी

सोलापूर म्हटले की पक्षीवाल्यांना माळढोक आठवतो. 1979 मध्ये त्याच्यासाठी सोलापूरजवळच्या नान्नजच्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेव्हापासून इथे दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन येणारा माणूस गवतात बघतो, फार तर आकाशात. माळाच्या कडेच्या बाभळीकडे आणि कडुलिंबाकडे त्याची पाठ असते. सुतार पक्षी मात्र त्या बाभळीवरच असतो, आणि चांगला ओरडून आपण आल्याचे सांगतो. तरीही इथल्या सुतारांचे ढिगाने फोटो निघू लागले ते गेल्या वीसेक वर्षांत. ओळखीचे वादही त्याच काळातले.

त्याआधीचा इतिहास दोन-तीन तारखांत आटोपतो. सोनेरी पाठीच्या सुताराचे, म्हणजे सोनपाठीचे, शास्त्रीय वर्णन 1758 चे. त्याच्या शास्त्रीय नावात बंगाल आहे, कारण तो युरोपला कळला तो तिकडून. आपल्याला जवळचा आहे तो दुसरा, काळा-पांढरा ठिपकेदार मराठा सुतार. त्याला 1801 मध्ये एका इंग्रज पक्षितज्ज्ञाने ‘महरॅटेन्सिस’ म्हटले, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि सोलापूरचा किल्ला इंग्रजांकडे जायला अजून सतरा वर्षे होती. पुढे 1832 मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. ते सगळे काम बंदुकीने पाडलेल्या पक्ष्यांवरचे होते. हातात आलेल्या कातड्यावर मराठा सुताराच्या पोटावरचा लाल डाग दिसतोच. वीस फुटांवरच्या फांदीमागे लपलेल्या जिवंत पक्ष्याचा तो दिसणे ही वेगळी गोष्ट.

फिल्मच्या दिवसांत सुताराच्या वाट्याला जाणारे थोडे होते, कारण हिशेबच जमत नसे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. स्लाइडची फिल्म मंद, तिला भरपूर उजेड लागे. आणि सुतार माणूस दिसताच खोडाच्या सावलीतल्या बाजूला सरकणार. आपण फिरलो की तोही फिरतो, आट्यापाट्या खेळल्यासारखा. रोल धुऊन येईपर्यंत काय टिपले ते कळत नसे आणि आल्यावर बहुतेक वेळा खोड स्पष्ट, पक्षी काळा. ओळख वहीतल्या टिपणावर चाले : पाठ सोनेरी की ठिपकेदार, आकार मैनेपेक्षा मोठा की लहान, आवाज कसा. सोनपाठीचा खिंकाळल्यासारखा आवाज आणि खंड्याचा आवाज यांत नवख्याची हमखास फसगत होते. विहिरीच्या काठी खंड्या समजून वर बघावे तर नारळाच्या झावळीखाली सुतार.

2003-04 च्या सुमारास सामान्य पगारदाराला जेमतेम परवडतील असे डिजिटल एसएलआर कॅमेरे आले. 2013 ते 2015 या काळात 150-600 आणि 200-500 मिलिमीटरच्या झूम लेन्स आल्या, आणि चित्र खऱ्या अर्थाने पालटले. आता खोडामागून डोके बाहेर येण्याच्या क्षणाला वीस फोटो काढता येत होते, त्यातला एक तरी नीट येई. सुताराच्या बाबतीत डोके आले की सगळे आले. सोनपाठीच्या नराचा माथा आणि तुरा संपूर्ण लाल, मादीचे कपाळ काळे त्यावर पांढरे ठिपके आणि लाल रंग फक्त तुऱ्याच्या मागच्या भागात. मराठा सुताराच्या नराच्या डोक्यावर मागे लाल, मादीच्या डोक्यावर लाल अजिबात नाही, नुसता पिवळसर तपकिरी माथा. फिल्मच्या काळात यातले कितीतरी ‘वेगळ्या जातीचे’ म्हणून सांगितले गेले. खरे तर ते एकाच जोडप्यातले नवरा-बायको होते.

हे सगळे कॅमेऱ्याने सोडवले. नावाचा गुंता मात्र कॅमेऱ्याने वाढवला, आणि माझ्या मते या विषयातली खरी गोम तिथेच आहे.

सोलापूरच्या खेड्यांत ‘सुतार’ म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो हुदहुद. भगव्या-तपकिरी अंगाचा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर पंख्यासारखा उघडणारा तुरा आणि लांब बाकदार चोच. हा पक्षी लाकूड फोडत नाही. तो बांधावर, अंगणात, शेणखताच्या ढिगाजवळ जमीन टोचत फिरतो आणि अळ्या काढतो. पण टोचणे टोचणेच, आणि घरटे तोही ढोलीत किंवा भिंतीतल्या भगदाडात करतो. तुरा दोघांनाही. मार्डीकडच्या एका शेतकऱ्याला मी एकदा सोनपाठीचा फोटो दाखवला आणि हा सुतार ना, असे विचारले. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि म्हणाले, ‘‘ह्यो न्हवं. सुतार बांधावर टुकटुक करत फिरतोय, तुरं वर करतोय. ह्यो झाड फोडणारा.’’ पुस्तकाप्रमाणे ते चुकले होते. पण त्यांच्या गावात शंभर वर्षे त्या पक्ष्याला सुतार म्हणत असतील तर चूक कुणाची?

सोलापुरात ही गाठ आणखी घट्ट बसते, कारण शहर तीन-चार भाषांत बोलते. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत झाड फोडणाऱ्याला ‘वड्रंगी पिट्ट’ म्हणतात, म्हणजे पुन्हा सुतारच, व्यवसाय तोच. कन्नडमध्ये ‘मरकुटिग’, झाड कुटणारा. तिथे घोटाळ्याला जागाच नाही, कारण हुदहुद झाड कुटत नाही हे कुणालाही दिसते. उर्दू बोलणारे हुदहुदला हुदहुदच म्हणतात. म्हणजे घोटाळा मुख्यतः आपल्या मराठीतला. याच सोलापुरात जन्मलेल्या एका वनाधिकाऱ्याने आयुष्यभर बोलीतली पक्ष्यांची नावे गोळा केली. तरी छापील प्रमाण नाव आणि बांधावरचे नाव यांची सांगड सुताराच्या बाबतीत लागली नाही.

दुसरा गुंता इंग्रजीतून आला. जुन्या पुस्तकांत सोनपाठीला ‘धाकटा सोनेरी पाठीचा’ अशा अर्थाचे नाव होते. त्याचा थोरला भाऊ सह्याद्रीच्या दाट झाडीतला. सोलापुरात थोरला नसताना आपण धाकट्याला धाकटा म्हणत राहिलो. नंतर इंग्रजी नाव बदलून ‘काळ्या कमरेचा’ झाले. दरम्यान ज्या तिसऱ्याच जातीला पूर्वी ‘काळ्या पाठीचा’ म्हणत, ती ‘पांढऱ्या मानेची’ झाली. म्हणजे ज्याने जुने पुस्तक वाचले त्याला काळा म्हणजे एक पक्षी, ज्याने नवे वाचले त्याला दुसरा. फोटोखाली ‘काळ्या पाठीचा सुतार’ असे लिहिलेले आणि वर चकचकीत सोनेरी पाठ, असे प्रकार अजून दिसतात. खरा पांढऱ्या मानेचा ओळखायचा तर मानेमागचा पांढरा रंग पाठीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे. सोनपाठीची मान मागून काळी. पांढऱ्या मानेच्या जातीच्या मादीचा माथा पिवळा असतो, आणि मराठा सुताराचे आजचे इंग्रजी नाव ‘पिवळ्या माथ्याचा’! आकाराकडे पाहिले असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता : मराठा सुतार जेमतेम 18 सेंटिमीटर, पांढऱ्या मानेचा 29 च्या घरात. पण फोटोत आकार हरवतो. पडदाभर मोठा केला की बोटाएवढा पक्षीही कबुतराएवढा दिसतो.

मराठा सुताराबद्दल थोडे पक्षपाताने लिहितो. इंग्रजीतले त्याचे जुने नावही मराठाच होते, ते काढून रंगावरून नाव ठेवले गेले. रंगावरूनचे नाव निम्म्या पक्ष्यांनाच नीट लागू पडते, कारण नराचा माथा मागे लाल. शास्त्रीय नावातली पहिली बाजूही फिरत राहिली : आधी पिकस, मग अनेक दशके डेंड्रोकोपस, आणि जनुकांच्या अभ्यासानंतर अलीकडे लिओपिकस. या सगळ्या धांदलीत ‘महरॅटेन्सिस’ तेवढे जागेवर राहिले. मराठीत ‘मराठा सुतार’ हे नाव टिकले, आणि टिकावे.

मानमोडीचा उल्लेख इथे करायला हवा. हा हिवाळी पाहुणा सुतारांच्याच कुळातला, पण ना खोड फोडत ना शेपटी टेकवून उभा चढत. जमिनीवर मुंग्या टिपतो, आणि अंगावर झाडाच्या सालीची नक्षी. बोरी-बाभळीच्या काट्यात त्याचा फोटो मिळाला तर बहुतेकांना तो सुतार वाटतच नाही.

लेन्स स्वस्त झाल्या तशी गर्दी ढोलीपाशी वळली. फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत सुतारांची घरटी असतात, आणि ढोलीच्या तोंडाशी पक्षी हमखास येतो. आट्यापाट्या संपतात, फोकस आधीच लावून ठेवता येतो. काही ठिकाणी समोरची आडवी डहाळी तोडली गेली, कारण ती फोटोत येत होती. तीच डहाळी दुपारच्या उन्हात ढोलीला सावली देते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्याची अंडी वा घरटे विचलित करणे येते. हे वाचून दाखवले की माणसे दचकतात, बंदुकीशिवाय शिकार होते हे पटत नाही. नंतर अनेक गटांनी घरट्याचे फोटो घेणे बंद केले. मग मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याची सवय लागली, आणि 2021 नंतर तर आवाज ऐकून जात सांगणारे ॲप खिशात आले. ओळखण्यासाठी ऐकणे ठीक, पण विणीच्या दिवसांत नराला त्याच्याच हद्दीत खोटा शत्रू ऐकवत राहणे हा चावटपणा आहे.

झाडांचा प्रश्न याच काळात पुढे आला. पुणे महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडे गेली. त्यांच्या वाळक्या फांद्यांत ढोल्या होत्या. नवी लावलेली झाडे हिरवी आहेत, पण सुताराला कोवळे हिरवे लाकूड नको असते, आतून कुजलेले हवे असते. दुसरीकडे माळावर दुष्काळी कामांच्या काळात ग्लिरिसिडियाच्या झाडांची लागवड झाली, आणि गवताळ माळावरच्या पक्ष्यांचे अभ्यासक तिच्यावर नाराज आहेत. माळढोकाला मोकळा माळ हवा हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. सुताराच्या नावाने माळावर झाडे लावा असे म्हणणारे मलाही भेटतात. त्यांना मी एवढेच सांगतो की माळ सोडा, तुमच्या बांधावरची वठलेली बाभूळ तेवढी सरपणाला तोडू नका.