८३ मिलिव्होल्टचा सूर

एका ओळीत आठ नॉब, प्रत्येकाच्या वर एक एलईडी आणि डावीकडून उजवीकडे सरकत जाणारा उजेड, एवढेच ॲनालॉग स्टेप सिक्वेन्सरचे दर्शनी रूप असते. हे उपकरण स्वतः आवाज काढत नाही. ते ठरावीक लयीत एकामागून एक विद्युतदाब पुढे पाठवते आणि त्या दाबाप्रमाणे सिंथेसायझरचा ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारा भाग, आपला स्वर बदलतो. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या संगीतकारांसाठी डॉन बुक्ला यांनी असे यंत्र घडवले, तेव्हा ध्वनिफितीचे तुकडे कापून आणि चिकटवून सुरावट जुळवण्याचे किती तरी कष्ट वाचले.

घरी बांधण्याजोगा जो जुना आराखडा आहे, त्याचा भार दोन चिपांवर असतो. हान्स कॅमेंझिंड यांनी रचलेली आणि १९७२ साली बाजारात आलेली ५५५ ही चिप ठोके देते, तर ४०१७ ही चिप ते मोजते. ५५५ ला १० किलोओहम व १०० किलोओहमचे रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर सेकंदाला साधारण सात ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला ४०१७ च्या दहा निर्गमांपैकी (आउटपुटपैकी) एकच ‘जिवंत’ होतो आणि पुढच्या ठोक्याला तो विझून शेजारचा पेटतो. मात्र हे निर्गम चिपच्या पायांवर क्रमाने येत नाहीत. पहिल्या आठ पायऱ्यांसाठी ३, २, ४, ७, १०, १, ५, ६ असा पायांचा क्रम लावावा लागतो. नववा निर्गम, म्हणजे ९ क्रमांकाचा पाय, १५ क्रमांकाच्या रिसेटला, म्हणजे मोजणी शून्यावर आणणाऱ्या पायाला, जोडला की आठव्या पायरीनंतर मोजणी पुन्हा पहिलीवर येते.

येथवरची जोडणी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचण्याच्या पाटीवर, एका संध्याकाळी होते. एक खोडी मात्र हमखास आढळते: उजेड मधूनच एक पायरी गाळून पुढे उडी मारतो. ५५५ चा निर्गम बदलताना ती क्षणभर बराच प्रवाह ओढते, त्यामुळे पुरवठ्याच्या तारेवर झटका बसतो आणि ४०१७ त्यालाही ठोका समजते. ५५५ च्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की बहुतेक वेळा हे थांबते.

माझ्या मते खरे वाद्य यानंतर घडते. ४०१७ चा प्रत्येक निर्गम १०० किलोओहमच्या पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या, एका टोकाला जातो, दुसरे टोक ग्राउंडला (शून्य दाबाच्या तारेला) असते आणि मधल्या पायावरचा दाब डायोडमधून, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, एका सामाईक तारेवर उतरतो. डायोड नसता तर विझलेल्या सात पायऱ्यांनी जिवंत पायरीचा दाब खाली ओढला असता. बहुतेक सिंथेसायझर एका सप्तकाला १ व्होल्ट हे प्रमाण मानतात, म्हणजे सप्तकातल्या बारा अर्धस्वरांपैकी एकाच्या वाट्याला जेमतेम ८३ मिलिव्होल्ट येतात. पुरवठा ९ व्होल्टचा असेल, तर पॉटच्या सुमारे ३०० अंशांच्या फिरकीत नऊ सप्तके कोंबली जातात आणि नॉब तीन अंशही न हलवता स्वर बदलतो. अशा नॉबवर कोणताही सूर धरून ठेवणे कठीण आहे. म्हणून सामाईक तारेनंतर १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडून, तेथील दाब एलएम३५८ या चिपमधल्या एका ऑप-ॲम्पने (दाब न ढळू देता पुढे देणाऱ्या ॲम्प्लिफायरने) उचलावा, ट्रिमरने (एकदाच लावून ठेवायच्या छोट्या पॉटने) तो २ व्होल्टपर्यंत घटवावा आणि दुसऱ्या ऑप-ॲम्पमधून बाहेर द्यावा. आता एका अर्धस्वरासाठी नॉब बारा अंश फिरतो आणि बोटांना स्वर सापडतो.

याच ठिकाणी बॅटरीचा मोह आवरायला हवा. ९ व्होल्टची बॅटरी उतरून ८ वर आली की २ व्होल्टचा स्वर जवळजवळ तीन अर्धस्वरांनी खाली घसरतो, तर खालचे स्वर त्या मानाने कमी घसरतात. त्यामुळे सगळी सुरावट नुसती उतरत नाही, तर आतल्या आत आकसते. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर घेऊन त्यातून ७८०९ या रेग्युलेटरने ५५५ आणि ४०१७ साठी स्थिर ९ व्होल्ट काढणे हा खात्रीचा उपाय आहे. एलएम३५८ ला मात्र थेट १२ व्होल्टच द्यावेत, कारण तिच्या आगमावरचा (इनपुटवरचा) दाब पुरवठ्याच्या दीड व्होल्ट खालीच राहावा लागतो.

सूर लावताना ठोका चालू ठेवू नये. ५५५ ची तार काढून त्या जागी, रेझिस्टर व कपॅसिटरमधून, एक बटण जोडावे, म्हणजे बटण एकदा दाबले की एकच पायरी पुढे सरकते. मग प्रत्येक पायरीवर हवा तितका वेळ थांबता येते आणि आधारस्वर कानात ठेवून आठही नॉब एकेक करून जुळवता येतात.