चहाने चिंबणारी बाटली आणि पॉलिएस्टरची जुनी अडचण

मे महिन्यात जालना-बीड साईडला पारा ४३ वर जातो, तरी गाडीला लटकवलेल्या पाण्याच्या बाटलीला काही होत नाही, पण त्याच बाटलीत शेतावर न्यायला उकळता चहा ओतला की ती चिंबते, बूड वर येतं. बाटलीचं प्लॅस्टिक म्हणजे पेट, एक पॉलिएस्टरच, ते तर २५० अंशांच्या आसपास वितळतं ना, मग हे कसं? तर इथं वितळण्याचा संबंधच नाय. ७०-८० अंशांला पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या हलायला लागतात, माल मऊ पडतो, त्याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात, आणि पॉलिएस्टरवाल्यांचं निम्मं भांडण ह्याच आकड्याशी आहे.

१९३० ला अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत केमिस्ट कॅरोथर्सच्या टीममधल्या हिलनं पॉलिएस्टरचा धागा ओढला खरा, पण तो गरम पाण्यातच मऊ पडायचा, कपड्याला काय कामाचा, मग ती मंडळी नायलॉनकडं वळली. १९४१ ला इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सननं टेरेफ्थॅलिक ॲसिड वापरलं, त्यातल्या बेंझिनच्या कड्यामुळं साखळी ताठ झाली अन् टेरिलीन, म्हणजे पेटचाच धागा, आलं.

उष्णता आणखी सोसायला पुढं दोन वाटा. एक म्हणजे माल तोच ठेवून क्रिस्टल, म्हणजे साखळ्या नीट रचून घट्ट बसलेल्या जागा, वाढवायचे. आपल्या संभाजीनगरात गरवारेची पॉलिएस्टर फिल्म बनते, अशी फिल्म ताणून मग गरम करून सेट करतात म्हणून ती आकसत नाही. गरम ज्यूस भरायच्या काही बाटल्यांचं तोंड पांढरं दिसतं तेही मुद्दाम क्रिस्टल केलेलं असतं, खराब माल नव्हे.

दुसरी वाट साखळीच बदलायची. बेंझिनच्या जागी नॅफ्थलीनचं जोडकडं आलं की पेन (पीईएन) नावाचं पॉलिएस्टर होतं, ग्लास ट्रान्झिशन थेट १२० च्या घरात, पण महाग. पेट बनवताना सीएचडीएम नावाचं दुसरं रसायन थोडं मिसळलं की पेटजी, थ्रीडी प्रिंटरवाल्या पोरांचं लाडकं, दिसायला काचेसारखं पण क्रिस्टल होतच नाही, त्यामुळं उष्णतेत फारसा फायदा नाही. ईस्टमन कंपनीचं २००७ चं ट्रायटन, तेही पॉलिएस्टरच, ग्लास ट्रान्झिशनमध्ये १०० च्या पुढं गेलं.

खरी गंमत टेस्टिंगची. पेटमध्ये ३० टक्के ग्लास फायबर घाला, एचडीटी, म्हणजे लोडखाली माल वाकायचं तापमान, २०० च्या पुढं जातं आणि सेल्सवाला खूश, पण डीएससी, म्हणजे माल तापवत त्यात शिरणारी उष्णता मोजायची टेस्ट, काढली तर ग्लास ट्रान्झिशन जवळपास तिथंच. कारण एचडीटीत लोड देऊन तापवत नेलेली पट्टी किती अंशांला ठरावीक वाकते ते बघतात, तिला फायबर अन् क्रिस्टल धरून ठेवतात. शिवाय ०.४५ मेगापास्कलच्या हलक्या लोडचा आकडा १.८ च्या जड लोडच्या आकड्यापेक्षा चांगला दिसतो.