उतरंड कोणत्या दिशेने वाढते?

आजीच्या माजघरातली उतरंड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना स्टॅक, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत एकावर एक रचलेल्या जागा, वेगळा समजवावा लागत नाही. मडक्यावर मडकं, खालचं हवं असेल तर आधी वरची उतरवा. सी भाषेतल्या प्रोग्रामचंही तसंच. फंक्शन सुरू झालं की त्याच्या जागेचं मडकं चढतं, संपलं की उतरतं. उतरंडीचं टोक कुठे आहे, एवढं प्रोसेसरने लक्षात ठेवलं की झालं.

मेमरीत जागा मिळवायची दुसरी सोय हीपची. तिथे ‘मॅलॉक’ हवी तेवढी जागा शोधून देतं, पण काम झाल्यावर ‘फ्री’ म्हणून ती परत करणं आपल्याकडे. विसरलात तर प्रोग्राम संपेपर्यंत जागा अडकली.

जागा किती लागेल हे ऐनवेळीच कळणार आणि परत करायची कटकटही नको, असं म्हणणाऱ्यांसाठी जुन्या युनिक्सवर ‘अलोका’ आलं. ते चालू फंक्शनचंच मडकं मोठं करतं. आजच्या बहुतेक यंत्रांवर यासाठी स्टॅक पॉइंटरमधून, म्हणजे प्रोसेसरने लक्षात ठेवलेल्या टोकाच्या पत्त्यातून, तेवढे बाइट वजा केले की पुरतं. वजा, कारण तिथे उतरंड मोठ्या पत्त्यांकडून लहान पत्त्यांकडे वाढते. (नावाप्रमाणे उतरतेच म्हणा ना.)

गोम अशी की साधं फंक्शन दुसऱ्याच्या मडक्याला हात लावू शकत नाही. सी चा कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरलाच मदत करावी लागते. सी च्या प्रमाणित व्याख्येत अलोका नाही, युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स या प्रमाणातही नाही. मग ते नसलेल्या यंत्रावर काय करायचं?

प्रोग्रामर डग ग्विन यांनी यावर काढलेली तोड मला आजही भारी वाटते. जागा गुपचूप मॅलॉककडूनच घ्यायची, पण प्रत्येक तुकड्याला एक चिठ्ठी लावायची: हा घेतला तेव्हा उतरंडीचं टोक या पत्त्यावर होतं. पुढच्या वेळी कोणी अलोकाला हाक मारली की आधी जुन्या चिठ्ठ्या वाचायच्या. चिठ्ठीवरचं टोक आताच्या टोकाच्याही पलीकडे असेल, तर ती जागा मागणारं फंक्शन केव्हाच उतरलेलं आहे. तुकडा परत करून टाका.

पण ‘पलीकडे’ म्हणजे कुठे? एचपीच्या पीए-रिस्क यंत्रांवर स्टॅक उलट, मोठ्या पत्त्यांकडे वाढायचा. म्हणून एक छोटं फंक्शन स्वतःच्या एका चलाचा पत्ता टिपून ठेवतं आणि मग स्वतःलाच हाक मारतं. दुसऱ्या फेरीतल्या त्याच चलाचा पत्ता मोठा निघाला तर उतरंड वर जाते, लहान निघाला तर खाली. यंत्राची माहितीपुस्तिका न उघडता यंत्रालाच विचारून घ्यायचं!

जीएनयू ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसारख्या प्रोग्रामांनी हा कोड वर्षानुवर्षं सोबत बाळगला. नियमाने पाहिलं तर दोन असंबद्ध चलांच्या पत्त्यांत लहानमोठं ठरवायला सी भाषा कसलीच हमी देत नाही. ग्विननीही फाइलच्या माथ्यावर ‘पोर्टेबल’च्या आधी कंसात ‘बहुतांशी’ लिहून ठेवलं आहे. शिवाय साफसफाई पुढच्या हाकेलाच होते. म्हणून अधूनमधून शून्य बाइट मागा, असा त्यांचा सल्ला होता.

खऱ्या अलोकाचा धोका वेगळा. मॅलॉक जागा नसेल तर तसं सांगतं. अलोका सांगत नाही. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा 8 एमबी, विंडोजवर 1 एमबी. जानेवारी 2019 मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी लिनक्सवरच्या सिस्टिमडी-जर्नलडी या नोंदवहीतला असा दोष जाहीर केला: कित्येक एमबी लांबीची कमांड लाइन असलेल्या प्रोग्रामने नोंद पाठवली की ती अलोकाने घेतलेल्या जागेत उतरवताना जर्नलडीच कोसळायचं.

सी99 या सी च्या 1999 च्या प्रमाणाने आणलेल्या, ऐनवेळी लांबी ठरणाऱ्या अॅरेंमध्ये हीच खोट आहे. 2011 च्या सी11 ने ते ऐच्छिक केले आणि 2018 मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नेलमधून, ते वेचून काढले गेले.

मायक्रोसॉफ्टने मधला मार्ग काढला. त्यांचं ‘मॅलोका’ 1024 बाइटपर्यंतची मागणी स्टॅकवर भागवतं, त्याहून मोठी असेल तर हीपवर पाठवतं. मात्र शेवटी ‘फ्रीए’ म्हणून जागा आपणच सोडायची.