'@+आयडी'मधला प्लस आला कुठून?

बेळगावात टिळकवाडीत मी संध्याकाळी मुलांना अँड्रॉइड शिकवतो. खानापूरकडच्या एका मुलानं गावच्या दूध डेअरीसाठी स्क्रीन केला होता : वर नावाचा रकाना, त्याखाली 'नोंदवा' बटण. ॲप चालू केलं तर बटण थेट वरच्या कोपऱ्यात, रकान्यावर चढून बसलेलं. बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून ॲप तयार होताना, मात्र एकही एरर नाही. शोधता शोधता सापडलं. रोमन लिपीत 'नाव' लिहिताना त्यानं रकान्याच्या आयडीत, म्हणजे स्क्रीनवरचा घटक ओळखायच्या नावात, दोन 'ए' घातले होते; बटण कशाखाली बसवायचं ते सांगणाऱ्या 'लेआउट बिलो'मध्ये एकच. आणि दोन्हीकडे नावाआधी '@+आयडी'.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहायला ठरलेलं स्पेलिंग नाही, त्यामुळे आपल्या मुलांकडून ही चूक हटकून होते. म्हणून त्या प्लसचा इतिहास मी पहिल्याच आठवड्यात सांगतो.

लेआउटच्या, म्हणजे स्क्रीनची मांडणी लिहिलेल्या, एक्सएमएल फायली बिल्डच्या वेळी 'एएपीटी' हे साधन वाचतं, प्रत्येक आयडीला एक पूर्णांक देतं आणि तो 'आर' क्लासमध्ये, म्हणजे कोडला दिसणाऱ्या यादीत, ठेवतं. कोडमधलं 'फाइंड व्ह्यू बाय आयडी' त्या आकड्यावरूनच घटक शोधतं. प्लसचा अर्थ एवढाच : हे नाव नसेल तर नवं तयार कर, असेल तर तेच घे. प्लस नसेल तर नाव आधीच कुठंतरी जाहीर झालेलं लागतं, नाहीतर बिल्ड अडतो.

अँड्रॉइड १.० आलं सप्टेंबर २००८ मध्ये. तेव्हाच्या 'रिलेटिव्ह लेआउट'मध्ये, म्हणजे एका घटकाची जागा दुसऱ्याच्या आधारानं ठरवणाऱ्या मांडणीत, फाइलीत पुढं येणाऱ्या घटकाचा आधार घेता येत नसे. सप्टेंबर २००९ च्या १.६ आवृत्तीनं ती अडचण काढली, पण एक अट राहिली : नाव फाइलीत पहिल्यांदा जिथं येईल तिथं प्लस हवा, मग तो नुसता संदर्भ का असेना. क्रम लक्षात ठेवण्यापेक्षा सगळीकडे प्लस लावणं सोपं. माझ्या मते ही सवय तिथूनच रुजली, आणि तिच्यामुळंच चुकीचं स्पेलिंग गुपचूप नवी आयडी होऊन बसतं.

कोडच्या बाजूला सुधारणा झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ ३.६ बरोबर व्ह्यू बाइंडिंग आलं; ते प्रत्येक लेआउटमधल्या आयडींवरून कोडसाठी तयार नावं बनवतं. आता त्या लेआउटमध्ये नसलेलं नाव कोडमध्ये आलं की बिल्डच होत नाही. जुलै २०२१ च्या जेटपॅक कंपोझ १.० मध्ये तर स्क्रीन थेट कोडमध्येच लिहितात, एक्सएमएल लेआउटच लागत नाही. पण इथल्या मुलांच्या हाती येणारी जुनी कामं एक्सएमएलमधलीच असतात.

त्यासाठी जुनाच उपाय आहे. 'व्हॅल्यूज' फोल्डरमध्ये आयडींची वेगळी फाइल करायची, नावं तिथं एकदाच जाहीर करायची आणि लेआउटमध्ये सगळीकडे बिनप्लसचं '@आयडी' वापरायचं. स्क्रीनवर दिसणारा मराठी आणि कन्नड मजकूर आपापल्या भाषेच्या 'स्ट्रिंग्ज' फायलींत राहतो, आयडी दोन्हींना एकच.

त्या मुलानं तसं केलं. बटण रकान्याखाली आलं. मग त्यानं मुद्दाम एक 'ए' खोडून पुन्हा बिल्ड लावला, आणि या वेळी तो त्याच ओळीवर अडला.